कामातून मोठी सुट्टी घेऊन काइटसर्फिंग: कशाच्या आधी काय शिकायचं

दोन-तीन महिन्यांची सुट्टी मंजूर करून काइटसर्फिंग शिकायला निघालेले बरेच जण एकाच वाटेने जातात. पहिल्या आठवड्यात शिकवणीचे सगळे तास उरकतात. तिसऱ्याच दिवशी बोर्ड मागतात. दुसऱ्या आठवड्यात स्वतःचं सामान विकत घेतात. आणि उरलेली सुट्टी बोर्ड काखेत मारून, जिथून सुटलो तिथे किनाऱ्याने चालत परत येण्यात घालवतात.

या खेळात बोर्ड हा सोपा भाग आहे. अवघड आहे तो काइट, म्हणजे वाऱ्यावर उडून तुम्हाला बोर्डसकट पाण्यावरून ओढणारा मोठा पतंग. काइटकडे न बघता जो तो हवा तिथे ठेवू शकतो, त्याला बोर्डवर उभं राहायला फार वेळ लागत नाही. ज्याचं सगळं लक्ष अजून वर आकाशात आहे, तो बोर्डवर आठवडाभर आपटत राहतो. म्हणून या लेखात बोर्ड उशिरा येईल.

## टप्पा १: सुट्टी सुरू होण्याआधी

पोहणं. लाइफ जॅकेट न घालता, तरणतलावात नव्हे तर उघड्या पाण्यात, २०० मीटर न थांबता पोहता आलं पाहिजे. वेग लागत नाही. नाकातोंडात पाणी गेल्यावर घाबरून न जाणं लागतं. हे जमत नसेल तर सुट्टीच्या दोन महिने आधीपासून पोहायला जा. तिथे पोचल्यावर शिकू म्हणाल तर काइटसाठी ठेवलेले दिवस पोहण्यात जातील.

शरीर. हाताची ताकद लागते असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात ओढ हार्नेसवर, म्हणजे काइट ज्याला अडकवतात त्या कमरेच्या पट्ट्यावर येते. पोट, पाठ आणि मांड्या तयार करा. प्लँक आणि उठाबशा पुरेशा आहेत.

विमा. प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये साहसी खेळ वगळलेले असतात. काइटसर्फिंग किंवा काइटबोर्डिंग हा शब्द पॉलिसीत आहे का, ते स्वतः वाचा. ‘जलक्रीडा’ एवढ्यावर समाधान मानू नका.

दिवसांचा हिशेब. इथे सगळ्यात जास्त गफलत होते. सुट्टी कॅलेंडरच्या दिवसांत मोजू नका, वाऱ्याच्या दिवसांत मोजा. सहा आठवडे हातात असले तरी काही दिवस वारा नसेल, काही दिवस तो नको तेवढा असेल आणि काही दिवस तुमचं अंग उठणार नाही. सुट्टीत बाकीचा प्रवासही करायचा असेल तर काइटसर्फिंग सुरुवातीला ठेवा. वारा रुसला तर मुक्काम पुढे वाढवता येतो. शेवटचे दोन आठवडे काइटसाठी राखून ठेवणाऱ्याला ही सोय नसते. मग शेवटच्या दिवशी वारा आडदांड असला तरी तो पाण्यात उतरतो, कारण परवा ऑफिस असतं.

सलग तीन दिवस झाले की एक दिवस सक्तीची विश्रांती घ्या. दमलेल्या माणसाचा हात उशिरा हलतो आणि काइट कोणासाठी थांबत नाही.

तपासा: चष्मा असेल तर पट्टा लावून घट्ट बसतो का? बोटातली अंगठी काढली का? सनस्क्रीन कपाळावर आणि तळहातांवर लावायचं नाही. कपाळावरचं डोळ्यांत उतरतं आणि तळहातावरच्यामुळे बार, म्हणजे काइट हाताळायचा दांडा, निसटतो.

## टप्पा २: जागा आणि वारा

जागा निवडताना तीन गोष्टी बघायच्या. उथळ, सपाट पाणी. खालच्या बाजूला मोकळी जागा. आणि वाऱ्याची दिशा. (वारा जिकडून येतो ती वरची बाजू, जिकडे जातो ती खालची. पुढे सगळीकडे हाच अर्थ.)

दिशा सगळ्यात महत्त्वाची. किनाऱ्याला समांतर, पण थोडा जमिनीकडे झुकलेला तिरपा वारा शिकणाऱ्यासाठी उत्तम. काही चुकलं तरी तो तुम्हाला हळूहळू किनाऱ्याला लावतो. सरळ समुद्रावरून जमिनीवर येणारा वारा दिसायला सुरक्षित वाटतो, पण तो तुम्हाला किनाऱ्यावरच्या झाडांवर, भिंतींवर नेऊन आदळू शकतो आणि पाण्यात आत जाऊही देत नाही. जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा मात्र शिकणाऱ्यासाठी पूर्ण वर्ज्य. किनाऱ्यावर उभं राहिलं तर तो मंद वाटतो, पाणीही शांत दिसतं. दोनशे मीटर आत गेलं की त्याचा खरा जोर कळतो, आणि तो जोर तुम्हाला आणखी आत नेत असतो.

खारे वारे आणि मतलई वारे शाळेत शिकलेले असतात, ते इथे उपयोगाला येतात. अनेक किनाऱ्यांवर दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा सुरू होतो आणि संध्याकाळी पडतो. रात्री आणि पहाटे तो उलटा, जमिनीकडून वाहतो. पहाटे लवकर उठून ‘थोडा सराव करू’ म्हणणं म्हणूनच धोक्याचं आहे.

वाऱ्याचा वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर. शिकायला साधारण १२ ते २० नॉटचा, एकसारखा वारा चांगला. पाण्यावर पांढरा फेस उमटू लागतो तो १२ नॉटच्या आसपास. मोजणी यंत्र हाताशी नसेल तर ही खूण वापरा. काइटवरचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ नॉटचा वारा १७ झाला की ओढ दुप्पट होते. ‘पाच नॉटच तर वाढलाय’ असं म्हणून अनेक जण फसतात.

विंडगुरू किंवा विंडी या वाऱ्याचा अंदाज देणाऱ्या साइट बघताना सरासरी वेगाशेजारी झोतांचा वेग दिलेला असतो. दोन्हींत मोठी तफावत असेल, समजा सरासरी १४ आणि झोत २५, तर त्या दिवशी पोहा, पुस्तक वाचा, काइट काढू नका.

मोसम बघितल्याशिवाय तिकीट काढू नका. श्रीलंकेतल्या कल्पिटियाचा मुख्य मोसम मे ते ऑक्टोबर. व्हिएतनाममधल्या मुई नेचा त्याच्या उलट, नोव्हेंबर ते मार्च. पण तिथे लाटा असतात. ब्राझीलमधल्या कुंबुकोला वर्षाच्या उत्तरार्धात दिवसामागून दिवस वारा मिळतो. मोरोक्कोच्या दक्षिणेला दाखलाचं लगून सपाट पाण्यासाठी ओळखलं जातं. स्पेनमधलं तारिफा प्रसिद्ध आहे खरं, पण तिथला पूर्वेकडून येणारा लेवांते वारा जोरदार आणि झोतांचा असतो, शिवाय गर्दी प्रचंड. माझं मत विचाराल तर शिकायला तारिफा नको, शिकून झाल्यावर जा. नावापेक्षा कमरेएवढं पाणी महत्त्वाचं. जिथे पाय टेकतात तिथे प्रत्येक चुकीनंतर तुम्ही उभं राहून पुन्हा सुरुवात करता; जिथे टेकत नाहीत तिथे प्रत्येक चुकीनंतर पोहता.

## टप्पा ३: शाळा आणि तास

मित्राकडून शिकू नका, मित्र कितीही चांगला काइटसर्फर असला तरी. त्याला स्वतःला येतं, पण तुमचा हात घाबरून कुठे जाणार आहे हे आधी ओळखण्याची सवय त्याला नसते.

शाळेत जाऊन हे विचारा. प्रशिक्षकाकडे आयकेओ (आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटना) किंवा त्या देशातल्या मान्य संघटनेचं प्रमाणपत्र आहे का? एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती विद्यार्थी? (दोनाच्या वर नकोत.) पाण्यात असताना सूचना ऐकू याव्यात म्हणून हेल्मेटमध्ये रेडिओ आहे का? बचावासाठी बोट आहे का आणि ती चालू आहे का? वारा नसेल त्या दिवसाचे तास पुढे ढकलता येतात का?

तास एकदम सगळे विकत घेऊ नका. सुट्टी मोठी आहे, तिचा फायदा घ्या. दिवसाला दोन तास, मध्ये एखादा दिवस मोकळा, हा वेग डोक्यात मुरायला बरा. सलग चार तासांच्या वर्गात शेवटच्या तासात कोणी काही शिकत नाही. पहिले पाच-सहा तास झाले की थांबून प्रशिक्षकाला विचारा, ‘माझं अजून काय कच्चं आहे?’ आणि पुढचे तास त्या उत्तरावर ठरवा. शक्यतो प्रशिक्षक बदलू नका.

नंतरच्या आठवड्यांसाठी देखरेखीखालचा सराव मिळतो का, तेही आधी विचारून ठेवा. शिकवणी संपल्यावर आणि एकट्याने उतरण्याआधीचा हा काळ बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच अडकतात.

## टप्पा ४: जमिनीवर

हा टप्पा कंटाळवाणा आहे. म्हणून लोक तो उरकतात.

### विंड विंडो

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. समोर जिथे जिथे काइट उडू शकतो, तो पाव गोल म्हणजे विंड विंडो. त्यावर घड्याळाचे आकडे कल्पा: डोक्यावर १२, उजवीकडे जमिनीलगत ३, डावीकडे ९. कडेकडेने काइटला ओढ कमी असते. मधोमध, तुमच्या समोर खाली, ती सगळ्यात जास्त असते. त्याला पॉवर झोन म्हणतात. कडेने काइट हळूहळू वर-खाली करणं ही पहिली कसोटी.

सुरुवात दोन-तीन चौरस मीटरच्या छोट्या सराव काइटने करा. लहानपणी पतंग उडवला असेल तर ती सवय इथे उलटी पडते: पतंग सटकायला लागला की आपण मांजा ओढतो, इथे काइट बिथरला की बार सोडायचा असतो. बार जवळ ओढला की जोर वाढतो, लांब सोडला की कमी होतो. घाबरलेला माणूस हातात असेल ते घट्ट धरून छातीशी ओढतो. या खेळातले बरेच अपघात या एका प्रतिक्षिप्त क्रियेतून होतात.

तपासा: सराव काइट हातात असताना खाली वाळूकडे बघून मोठ्याने वीस आकडे मोजा. काइट ११ आणि १ यांच्या मध्ये राहिला? दोन्ही बाजूंना जमलं? एका हाताने जमलं? मगच पुढे जा.

### सुरक्षेची साखळी

हार्नेसच्या हुकात अडकते ती चिकन लूप. तिच्यावर क्विक रिलीज असतो. तो ओढला किंवा ढकलला की चिकन लूप सुटते, बार लांब पळतो आणि काइट एकाच दोरीवर, सेफ्टी लीशवर, लुळा होऊन पडतो. तरीही ओढ थांबली नाही तर लीशवरचा दुसरा रिलीज. त्याने काइट पूर्ण सुटतो, म्हणून तो शेवटचा उपाय. सुटलेला काइट खालच्या बाजूच्या माणसांसाठी धोका असतो.

म्हणून क्रम तीन पायऱ्यांचा: बार सोडा, क्विक रिलीज, लीश रिलीज. तो डोळे मिटून, उजव्या हाताने आणि डाव्या हाताने जमला पाहिजे. रोज, पाण्यात जाण्याआधी एकदा रिलीज उघडून पुन्हा जोडा. वाळू अडकून तो घट्ट झालेला असतो आणि ते गरजेच्या क्षणी कळून उपयोग नाही.

सावध: ताणलेल्या दोऱ्या हाताने कधीही धरू नका, बोटाभोवती गुंडाळू नका. त्या सुरीसारख्या कापतात. हार्नेसवर दोर कापायची छोटी हुक सुरी असू द्या.

### जोडणी

१. काइट पसरा, पंपाची दोरी काइटला अडकवा, मगच हवा भरा. दोरी न अडकवता अर्धा फुगलेला काइट उडून गेल्याचं दृश्य प्रत्येक किनाऱ्यावर दिसतं.

२. पुढची जाड नळी, म्हणजे लीडिंग एज, काइटवर छापलेल्या दाबापर्यंत भरा. टिचकी मारल्यावर टणक आवाज आला पाहिजे. शिकणारे हवा कमी भरतात. मऊ काइट हवेत वाकतो आणि पाण्यातून पुन्हा उठत नाही.

३. काइट पालथा करून लीडिंग एज वाऱ्याकडे ठेवा, कापडावर भरपूर वाळू टाका.

४. दोऱ्या उलगडा आणि बारपासून टोकापर्यंत बोटांतून सोडवत चाला. साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या चार दोऱ्या असतात. नवशिक्यासाठी काही शाळा आखूड दोऱ्या वापरतात, त्याने ओढ कमी होते.

५. मधल्या दोन दोऱ्या पुढच्या जोडांना, बाहेरच्या दोन मागच्या टोकांना. बारची लाल बाजू डाव्या हाताला.

६. उलट दिशेने पुन्हा चालत येऊन सगळं परत बघा.

सहावी पायरी वगळली जाते, आणि जोडणीतली सगळ्यात महाग चूक तिथेच सापडली असती: एखादी मागची दोरी चुकीच्या ठिकाणी जोडलेली किंवा काइटच्या टोकाला गुंडाळलेली. असा काइट उडवला की तो थेट पॉवर झोनमध्ये गिरक्या घेतो. दुसऱ्या कोणाला तरी नजर टाकायला सांगा. अनुभवी लोकही सांगतात, त्यात कमीपणा नाही.

### उडवणं आणि उतरवणं

खालच्या बाजूला निदान दोऱ्यांच्या दुप्पट, म्हणजे ५० मीटर मोकळी जागा हवी: माणसं, दगड, गाड्या, कुंपण काही नको. मदतनीस काइट विंडोच्या कडेला धरतो. कापड फडफडत असेल तर तुम्ही थोडे वरच्या बाजूला सरका. काइट भरून जोराने ओढत असेल तर खालच्या बाजूला. कापड शांत, दोऱ्या ताणलेल्या आणि सुलटलेल्या दिसल्या की अंगठा वर. काइट पाण्याच्या बाजूने, सावकाश वर न्यायचा.

आणि मग ताबडतोब पाण्यात चालू लागायचं. काइट १२ वर ठेवून किनाऱ्यावर गप्पा मारत उभं राहणं फार साधं दिसतं. एखादा झोत आला की तोच काइट माणसाला जमिनीवरून उचलतो. किनाऱ्यावर असताना काइट खाली, पाण्याच्या बाजूला ठेवा.

उतरवायचा असेल तर डोक्यावर हात थोपटायचा. ही खूण जगभर समजते. मदतनीसाला येत नसेल तर आधी त्याला जमिनीवर समजावून सांगा. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसाच्या हातात काइट देऊ नका.

## टप्पा ५: पाण्यात, बोर्डशिवाय

बॉडी ड्रॅग म्हणजे काइटच्या ओढीने पोटावर पडून पाण्यातून सरकणं. दिसायला मजेशीर असतं, म्हणून लोक त्याला खेळ समजतात. खरं तर बोर्ड हरवला की तो परत मिळवण्याचा हाच एक मार्ग आहे.

आधी खालच्या बाजूला. काइट १० आणि २ यांच्या मध्ये हलवत, ओढीची सवय करा.

मग वरच्या बाजूला. काइट एका बाजूला १०.३० किंवा १.३० वर स्थिर ठेवा. बार एका हाताने, मध्यभागी धरा. दुसरा हात तिरका समोर पाण्यात ताठ घाला, शरीर लांब आणि एका कुशीवर. तो हात सुकाणूचं काम करतो. थोडं अंतर जा, काइट १२ वर आणा, हात बदला, दुसऱ्या दिशेला जा. असं नागमोडी जात वर सरकायचं.

सर्वांची चूक: काइट फार उंच ठेवणं. मग शरीर वर उचललं जातं, पाण्यात पकड राहत नाही आणि माणूस खालीच वाहत जातो. दुसरी चूक, बोर्ड दिसला की थेट त्याच्याकडे तोंड करणं. बोर्ड वरच्या बाजूला असतो, तिकडे सरळ जाता येत नाही. नागमोडी जात त्याच्याही थोडं वर पोचा आणि मग त्याच्याकडे या.

सावध: बोर्डला पायाशी दोरी बांधू नका. पडल्यावर ती ताणली जाते आणि बोर्ड उसळून डोक्यात बसतो. बॉडी ड्रॅग येत नाही म्हणून लोक दोरी बांधतात. उपाय बॉडी ड्रॅग शिकणं हाच.

पडलेला काइट उठवणं. काइट पाण्यात पडला की त्याच्याकडे पोहत जाऊ नका. दोऱ्या सैल पडून पायात अडकतात. एका बाजूची मागची दोरी हळू ओढून धरा. काइट एका टोकावर उभा राहून विंडोच्या कडेकडे सरकतो. पूर्ण कडेला पोचेपर्यंत धीर धरा, मग तो अलगद उठतो. घाई केली तर तो मधोमध पॉवर झोनमधून उठतो आणि तुम्हाला ओढत नेतो.

### स्वतःचा बचाव

वारा पडला, दोरी तुटली, काइट फाटला, तर कोणाच्या मदतीशिवाय किनाऱ्याला यायचं कसं? हे अनेक शाळा पाच मिनिटांत दाखवून संपवतात. हट्ट धरा आणि पाय न टेकणाऱ्या पाण्यात एकदा पूर्ण करा.

१. क्विक रिलीज ओढा. काइट लुळा पडू द्या.
२. सेफ्टी लीशची दोरी धरून, हातावर हात टाकत बारपर्यंत पोचा. बोटाभोवती गुंडाळायची नाही.
३. आधी फक्त तीच एक दोरी बारवर काही मीटर गुंडाळा आणि गाठीने अडकवा. ती बाकीच्यांपेक्षा आखूड झाली की काइट पुन्हा जोर पकडू शकत नाही.
४. मग चारही दोऱ्या एकत्र गुंडाळत काइटकडे सरका आणि शेवटी पुन्हा गाठ मारा.
५. काइटची दोन्ही टोकं जवळ ओढून त्याचं शीड करा, किंवा लीडिंग एजवर छाती टेकून तरंगा. लीडिंग एजची हवा सोडायची नाही.

तिसरी पायरी विसरून चारही दोऱ्या एकदम गुंडाळल्या तर काइट मध्येच जिवंत होतो, आणि तेव्हा तुमचे हात दोऱ्यांत असतात.

तपासा, बोर्ड हातात घेण्याआधी: वरच्या बाजूला बॉडी ड्रॅग करून, सुटलो तिथेच किंवा त्याच्या वर परत आलात? पडलेला काइट दोन्ही बाजूंनी स्वतः उठवला? बचावाच्या पाचही पायऱ्या न विचारता केल्या? एखादं उत्तर ‘जवळपास’ असेल तर आणखी एक दिवस इथेच. सुट्टी मोठी घेतली ती याच दिवसासाठी.

## टप्पा ६: बोर्ड

बोर्ड मोठा घ्या. १४० सेंटीमीटर किंवा त्याहून लांब, रुंद ट्विन टिप (दोन्ही टोकं सारखी असलेला बोर्ड) शिकायला सोपा. छोटा बोर्ड चपळ असतो आणि शिकणाऱ्याला बुडवतो.

पाण्यात बसा, काइट १२ वर, एका हातात बार. बोर्ड पायात घालताना काइट घसरतो, कारण लक्ष पायाकडे जातं. टप्पा चारमधली वाळूकडे बघण्याची कसोटी इथे कामाला येते. पाय अडकले की गुडघे छातीकडे, टाचा बुडाजवळ, बोर्ड वाऱ्याला आडवा.

उजवीकडे जायचं असेल तर काइट आधी ११ पर्यंत थोडा मागे न्या आणि मग ठामपणे १ आणि २ यांच्या मध्ये खाली आणा. ओढ येईल. तिला तुम्हाला उठवू द्या. पुढचा पाय किंचित खालच्या बाजूला वळवा, वजन पुढे येऊ द्या, मग हळूहळू दोन्ही पायांवर. डावीकडे याच्या उलट.

चुका नेहमीच्याच:

- स्वतःच्या पायांनी उठण्याचा प्रयत्न. मग बोर्ड बुडतो आणि तुम्ही मागे पडता. गुडघे वाकलेले ठेवा, ओढीची वाट बघा.
- काइट घाबरत घाबरत खाली आणणं. अर्धवट ओढ अर्धवट उठवते. प्रत्येक वेळी थोडा जास्त जोर देत प्रमाण शोधा.
- एकदा खाली आणून काइट तिथेच सोडणं. वारा कमी असेल तर तो पुन्हा वर आणून परत खाली आणत राहावं लागतं.
- बार छातीपर्यंत ओढून धरणं. कमी वाऱ्यात याने काइट गुदमरतो आणि मागे मागे पडू लागतो. बार थोडा सोडला की तो पुन्हा उडतो.
- काइटकडे बघत राहणं. जिकडे जायचंय तिकडे बघा.

दोन्ही दिशांचा सराव समान करा. प्रत्येकाची एक दिशा चांगली असते आणि माणूस नकळत तीच पुन्हा पुन्हा करतो. मग परत येता येत नाही.

बारवर बोटं फक्त टेकलेली हवीत. कोपरापासून मनगटापर्यंत हात भरून येत असतील तर तुम्ही बारला लटकत आहात. ओढ हार्नेसला द्या. हार्नेस वर सरकून बरगड्यांना लागत असेल तर सुरुवातीला मांड्यांतून पट्टे जाणारा सीट हार्नेस घ्या. रुबाबदार दिसत नाही, पण बरगड्या शाबूत राहतात.

## टप्पा ७: वाऱ्याच्या वर चढणं

जिथून सुटलो तिथे परत येणं जमलं की तुम्ही स्वतंत्र झालात. त्याआधी नाही, कितीही लांब सरळ गेलात तरी.

काइट १०.३० किंवा १.३० वर स्थिर ठेवा, सारखा हलवू नका. टाचांवर वजन टाकून बोर्डची कड पाण्यात रुतवा. कंबर वर, पुढचा पाय जवळपास सरळ, मागचा वाकलेला. खांदे आणि नजर वरच्या बाजूला, जिथे पोचायचं त्या खुणेकडे. काहींना फक्त मान वळवल्याने फरक पडतो.

जमत नसेल तर कारण शोधा. वेग फार कमी असेल तर आधी थोडं खाली जाऊन वेग घ्या, मग हळूहळू कड रुतवा. काइट उंच असेल तर तो तुम्हाला पाण्यातून वर खेचतो, खाली आणा. आणि कधी कधी काइटच लहान असतो. अंदाजासाठी: ७५ किलोच्या माणसाला १५-१८ नॉटमध्ये १२ चौरस मीटरचा काइट, २०-२५ मध्ये ९ चा. शिकणाऱ्याने शंका असेल तर लहान घ्यावा, मोठा नाही. थांबायचं असेल तर काइट १२ कडे न्या, मागच्या पायावर वजन टाका आणि पाण्यात बसा.

या टप्प्यात प्रगती अडकल्यासारखी वाटते आणि नेमका तेव्हाच पैसे संपल्याचं किंवा कंटाळल्याचं कारण देऊन लोक देखरेख सोडतात. एक तास प्रशिक्षक घेऊन मागून व्हिडिओ काढून घ्या. स्वतःची कंबर किती वाकली आहे ते बघितल्याशिवाय पटत नाही.

## टप्पा ८: एकट्याने उतरण्याआधी

पाण्यावरचे नियम थोडे आहेत. समोरासमोर आलात तर ज्याचा उजवा हात पुढे, त्याला आधी वाट. ओलांडताना वरच्या बाजूचा आपला काइट उंच करतो, खालच्या बाजूचा खाली करतो. किनाऱ्यावरून निघणाऱ्याला, परत येणाऱ्याच्या आधी वाट. पोहणाऱ्यांपासून सगळ्यांनी लांब. उडी किंवा वळण घेण्याआधी मागे बघायचं.

नवीन किनाऱ्यावर थेट सामान काढू नका. अर्धा तास बसून बघा: वारा कुठून, भरती की ओहोटी, खडक कुठे, स्थानिक लोक कुठून पाण्यात जातात, खालच्या बाजूला बाहेर पडायची जागा कुठे. कोणीच पाण्यात नसेल तर त्याला कारण असतं. किनाऱ्यावर कोणाला तरी सांगून जा. क्षितिजावर काळे ढग उठताना दिसले की आधी पाण्याबाहेर येऊन काइट उतरवा, मग चर्चा करा. वादळाच्या पुढच्या काठावर वारा काही मिनिटांत दुप्पट होऊ शकतो आणि वीज चमकत असताना हातात वीस मीटर ओल्या दोऱ्या नकोत.

तपासा, रोज: वाऱ्याची दिशा आणि झोत पाहिले. रिलीज उघडून जोडला. दोऱ्या दोनदा पाहिल्या. हेल्मेट आणि इम्पॅक्ट व्हेस्ट (आपटल्यावर मार कमी करणारं जाकीट) घातलं. पोहून परत येता येईल त्याहून लांब जाणार नाही.

## सामान कधी घ्यायचं

वर चढणं जमल्यानंतर. आधी घेतलेला काइट बहुधा चुकीच्या आकाराचा निघतो, कारण तोवर तुम्हाला स्वतःच्या वजनाचा आणि नेहमीच्या वाऱ्याचा मेळ माहीत नसतो. कामावर परतल्यावर जिथे खरोखर जाणं होणार आहे, तिथला वारा धरून एक आकार निवडा. शाळेच्या मोसमातल्या वाऱ्यावरून नको.

हेल्मेट, हार्नेस आणि व्हेस्ट नवीन घ्या. काइट आणि बोर्ड वापरलेले चालतात, पण तपासून. काइट पूर्ण फुगवून निदान दोन तास ठेवा. हवा उतरली तर आतल्या फुग्याला भोक आहे किंवा झडप गळते. कापड उजेडासमोर धरून बारीक छिद्रं बघा, टोकांजवळची शिवण बोटाने चाचपा. बारच्या चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून समान ताणा. बार वाकडा आला तर दोऱ्या असमान ताणल्या गेल्या आहेत. त्या बदलून मिळतात, तेवढी किंमत कमी करून घ्या. क्विक रिलीज जुन्या पद्धतीचा असेल किंवा पहिल्या झटक्यात उघडत नसेल, तर तो बार घेऊ नका, काइट कितीही चांगला असला तरी. बार त्याच कंपनीचा आणि त्या काइटला जुळणारा वेगळा मिळतो.